शरद ऋतूत नॉर्वेच्या किनाऱ्याने: बर्गन ते किर्केनेस बोटप्रवासाची आखणी

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनहून रोज संध्याकाळी एक बोट उत्तरेला निघते. वाटेत ३४ बंदरं घेत ती रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला पोचते आणि तिथून त्याच वाटेने परत फिरते. जाऊन-येऊन १२ दिवस आणि ११ रात्री लागतात, अंतर सुमारे २,५०० सागरी मैल. १८९३ साली २ जुलैला रिकार्ड वित या कप्तानाची ‘वेस्टरोलेन’ ही आगबोट ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टकडे निघाली, तेव्हापासून ही सेवा चालू आहे. त्याआधी हिवाळ्यात उत्तरेकडच्या गावांना टपाल मिळायलाही महिनोन्‌महिने लागत.

आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून हर्णे, जयगड, रत्नागिरी, मालवण करत बोटीने गावी जाणारी एक पिढी होऊन गेली. घरात कुणी त्या आठवणी सांगत असेल, तर हा प्रवास काय आहे ते तुम्हाला लगेच कळेल. क्रूझ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा कॅसिनो, नाचगाण्यांचे कार्यक्रम, चकचकीत दुकानं यांतलं इथे काही नाही. ही किनाऱ्याची एसटी आहे. रात्री दोन वाजताही ती एखाद्या छोट्या धक्क्याला लागते, चार खोकी उतरवते, दोन माणसं घेते आणि पंधरा मिनिटांत निघते. मला हा प्रवास आवडतो तो याचसाठी. मात्र आठवडाभर करमणूक हवी असेल तर पैसे दुसरीकडे खर्च करा.

मी आईला घेऊन सप्टेंबरच्या शेवटी गेले होते. आखणी करताना मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट इथे सगळ्यात आधी सांगते: शरदात या किनाऱ्यावर सगळं काही उजेडावर ठरतं. तारीख, दिशा, केबिन, कुठे उतरायचं आणि कधी झोपायचं, सगळं त्यावरच.

पहिली पायरी: तारीख

मुंबईत सबंध वर्षात दिवस जेमतेम सव्वादोन तासांनी लहान-मोठा होतो. आर्क्टिक वृत्ताच्या वरच्या ट्रोम्सो बंदरात सप्टेंबर-ऑक्टोबरात तेवढा दिवस पंधरा-सोळा दिवसांतच कमी होतो, कारण रोज आठ-नऊ मिनिटं उजेड घटत असतो. २१ सप्टेंबरच्या आसपास तिथे बारा तासांचा दिवस असतो आणि ऑक्टोबरअखेर तो सात तासांवर येतो.

म्हणून माझा सल्ला असा की बर्गनहून १५ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर या दरम्यान निघावं. सप्टेंबरच्या मध्याला उत्तरेकडचे भूर्ज पिवळेधमक झालेले असतात, जमिनीलगतची ब्लूबेरीची झुडपं लाल होतात आणि शिखरांवर पहिलं बर्फ भुरभुरू लागतं. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत जातात. त्यामुळे परतीला दक्षिणेत आलात की तिथे तेव्हा कुठे पानं पिवळी पडू लागलेली दिसतात. एकाच प्रवासात ऋतू पुढे-मागे होतो. रात्री पुरेसा अंधार असतो म्हणून नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाशही, दिसू शकतात, आणि दिवसा किनारा बघायला भरपूर उजेड मिळतो. दोन्ही एकत्र मिळण्याचे दिवस वर्षात फार थोडे.

आपल्याकडे बरेच जण दिवाळीच्या सुट्टीचा विचार करतात. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर तो तिथला हिवाळाच समजा. तोही सुंदर असतो, पण किनारा बहुतेक अंधारातच मागे पडतो.

आणखी एक गोष्ट भिंतीवरच्या कॅलेंडरात बघा, ती म्हणजे अमावास्या. सर्वपित्री अमावास्या नेमकी याच सुमारास येते. आर्क्टिक वृत्ताच्या वरचे पाच-सहा दिवस तिच्या आसपास बसवता आले तर आकाश काळं मिळतं आणि फिकट प्रकाशही दिसतो. पौर्णिमेला फिकट प्रकाश धुऊन जातो, पण चांदण्यात डोंगर उजळलेले दिसतात. कोजागिरीला तिथे असाल तर मुळीच वाईट वाटून घेऊ नका. नवरात्रात उपवास असेल तर बटाटा, दही, फळं बोटीवर रोज मिळतात. साबुदाण्याची सोय आपली आपण करायची.

दुसरी पायरी: एकेरी की जाऊन-येऊन

बर्गन ते किर्केनेस सहा रात्री लागतात, किर्केनेस ते बर्गन पाच. अनेक जण उत्तरेला जाऊन किर्केनेसहून विमानाने ऑस्लोला परततात. सुट्टी कमी असेल तर ते ठीक आहे. पण परतीचा प्रवास म्हणजे तीच वाट पुन्हा, असं समजू नका. जाताना रात्री मागे पडलेली ठिकाणं येताना दिवसा येतात, आणि माझ्या मते त्यातच किनाऱ्याचा सगळ्यात देखणा भाग आहे.

परतीच्या वाटेवर, प्रवासाच्या नवव्या दिवशी, व्हेस्टरोलेन बेटांमधून बोट जाते. दुपारी स्टोकमार्कनेसला तासभर थांबते. तिथे १९५६ सालची ‘फिनमार्कन’ ही अख्खी बोट काचेच्या इमारतीत ठेवलेली आहे. मग राफ्टसुंड येतो. ही दोन बेटांमधली चिंचोळी सामुद्रधुनी आहे आणि दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरतात. बोट त्यातून दुपारी सव्वातीन ते संध्याकाळी साडेसहाच्या दरम्यान जाते. आता उजेडाचा हिशोब करा: २० सप्टेंबरला तिथे सूर्य सातच्या पुढे मावळतो, १० ऑक्टोबरला सहाच्या आधीच, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे गेलं की चारच्या आत. तेच तिकीट, तीच बोट, पण ऑक्टोबरअखेर गेलेल्या माणसाला राफ्टसुंड दिसतच नाही.

दहाव्या दिवशी हेल्गेलांडचा किनारा लागतो. आधी ‘सात बहिणी’ ही शिखरांची रांग येते (सर्वांत उंच १,०७२ मीटर) आणि संध्याकाळी टोर्गहातेन हा आरपार भोक असलेला डोंगर. तिथली लोककथा अशी: एका पळणाऱ्या मुलीवर घोडेस्वाराने बाण सोडला, राजाने मध्ये आपली टोपी भिरकावली, बाण टोपीतून आरपार गेला, तेवढ्यात सूर्य उगवला आणि सगळे जागच्या जागी दगड झाले. ते भोक १६० मीटर लांब आहे. दुर्बीण असेल तर हाताशी ठेवा.

एकाच बाजूने जायचं असेल तर? उत्तर टोकाजवळच्या नॉर्थ केप या कड्याला पाय लावायचे असतील तर उत्तरेकडे जा, निसर्ग बघायचा असेल तर दक्षिणेकडे या. पैसे फारच मोजून खर्च करायचे असतील तर एका बंदरातून दुसऱ्या बंदरापर्यंतचंही तिकीट मिळतं. बोडोहून दुपारी चढून संध्याकाळी लोफोटेनमध्ये स्टामसुंड किंवा स्वोलव्हेरला उतरणं हा चार-सहा तासांचा प्रवास केबिनशिवायही करता येतो.

तिसरी पायरी: बोट आणि केबिन

२०२१पासून या मार्गावर दोन कंपन्या आहेत, त्यांच्या मिळून आता ११ बोटी: हुर्तिग्रुतेनच्या सात आणि हाविलाच्या चार. वेळापत्रक एकच असतं; तुमच्या तारखेला कोणाची बोट निघते त्यावर कंपनी ठरते. हाविलाच्या बोटी नव्या आहेत, नैसर्गिक वायूवर आणि मोठ्या बॅटऱ्यांवर चालतात, आणि काही तास इंजिनाच्या आवाजाविना जाऊ शकतात. हुर्तिग्रुतेनच्या बहुतेक बोटी १९९०च्या दशकातल्या, पण नूतनीकरण झालेल्या आहेत. त्यांचा जुना, घरगुती रंगढंग मला आवडतो. हुर्तिग्रुतेन त्याच किनाऱ्यावर कमी थांब्यांच्या वेगळ्या सफरीही चालवते. बुकिंग करताना ३४ बंदरांचाच मार्ग निवडला आहे ना, ते तपासा.

केबिनवर फार खर्च करू नका. तुम्ही जागेपणी वरच्या डेकवर किंवा काचेच्या मोठ्या बैठकीत असणार आहात. आतली, खिडकी नसलेली केबिन झोपायला उत्तम. फक्त सकाळी उजाडलं की नाही ते कळत नाही. खिडकी घ्यायची असेल तर ‘दृश्य अडलेलं’ हे शब्द आहेत का ते वाचा, कारण काही खिडक्यांसमोर लाइफबोट टांगलेली असते. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्याजवळची केबिन मागावी. तिथे हेलकावे सर्वांत कमी बसतात. टोकाच्या केबिनमध्ये धक्क्याला लागताना यंत्रांची घरघर ऐकू येते, आणि धक्के रात्रीही लागतात.

बुकिंग आठ-दहा महिने आधी करा. उन्हाळ्यापेक्षा शरदात भाडं कमी असतं. पूर्ण सफरीच्या भाड्यात तिन्ही वेळचं जेवण धरलेलं असतं, पण नक्की काय काय धरलं आहे ते तिकिटाच्या प्रकारानुसार बदलतं, तेवढं वाचून घ्या.

चौथी पायरी: व्हिसा आणि पोचणं

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाप्रमाणे किमान १५ दिवस आधी करायचा असला तरी तो आकडा डोक्यातून काढून टाका आणि तीन महिने आधी करा. जून २०२४पासून मोठ्यांचं शुल्क ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि परतीनंतर निदान तीन महिने वैध हवा. बोटीचं तिकीट अर्जाला जोडा. त्यात रोजचा मुक्काम दिसतो, त्यामुळे बारा हॉटेलांची कागदपत्रं गोळा करावी लागत नाहीत. आधी-नंतरच्या रात्रींची हॉटेलं मात्र दाखवा.

मुंबईहून अॅमस्टरडॅम किंवा फ्रँकफर्टला विमान बदलून बर्गनला जाता येतं. दुसरी वाट दुबई किंवा दोहामार्गे ऑस्लोची, आणि पुढे रेल्वे. वेळ असेल तर मी ही दुसरी सुचवेन. ऑस्लो-बर्गन रेल्वे साडेसहा-सात तासांत १,२३७ मीटर उंचीचं पठार ओलांडून जाते, आणि शरदात एकाच दिवशी पिवळं रान, बर्फ आणि पाऊस, तिन्ही बघायला मिळतं.

बोट सुटण्याच्या दिवशीच बर्गनला पोचायचा बेत करू नका. विमानाला उशीर झाला किंवा बॅग मागे राहिली तर बोट थांबत नाही. एक रात्र आधी पोचा. परतीलाही तेच: बोट बाराव्या दिवशी दुपारी पोचत असली तरी त्याच संध्याकाळचं विमान घेऊ नका, कारण शरदातल्या वादळात बोटीला तासन्‌तास उशीर होऊ शकतो.

पाचवी पायरी: बॅग

ऑक्टोबरात बर्गनला ८-९ अंश, ट्रोम्सोला ३-४ अंश सरासरी तापमान असतं. आकडे भीतिदायक नाहीत. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे ही बंदरं हिवाळ्यातही गोठत नाहीत. त्रास होतो तो वाऱ्याचा. डेकवर बोटीचा वेग आणि वारा मिळून गारठा हाडात शिरतो. एक जाड स्वेटर कामाचा नाही, थरावर थर हवेत: अंगालगत लोकरी थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा आणि पाणी न शिरणारं जाकीट. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोजे प्रत्येकी दोन जोड. पाण्यात न भिजणारे, पकड असलेले बूट. आईने शाल नेली होती, आणि डेकवर मांडीवर घ्यायला तिच्याइतकं काही उपयोगी पडलं नाही.

छत्री नेऊ नका. बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्यातले जोरदार महिने. रत्नागिरीच्या तुलनेत तो कमीच, पण तो वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि छत्री पहिल्याच कोपऱ्यावर उलटते. रेनकोट आणि रेनपँट घ्या.

दोन गोल पिनांचा अॅडॉप्टर, छोटी दुर्बीण, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी आणि नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या. रोख पैसे जवळजवळ लागतच नाहीत. पाव घ्यायलाही कार्ड चालतं.

सहावी पायरी: बोट लागणं

वाट बहुतेक बेटांच्या आडोशाने जाते, तिथे पाणी तळ्यासारखं शांत असतं. प्रश्न येतो तो उघड्या समुद्राच्या तुकड्यांचा, आणि ते कधी येतात हे आधी माहीत असलं की निम्मी भीती जाते. पहिल्या रात्रीनंतर पहाटे स्टाडचं टोक, दुसऱ्या रात्री हुस्टाडविका, चौथ्या दिवशी दुपारी बोडो सोडल्यावर व्हेस्टफ्योर्ड, सहाव्या रात्रीपासून किर्केनेसच्या पुढे-मागे बॅरेंट्स समुद्र, आणि परतीच्या शेवटच्या संध्याकाळी पुन्हा हुस्टाडविका.

गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्यायची. कोणती घ्यायची ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा, रक्तदाबाची किंवा काचबिंदूची औषधं चालू असतील तर नक्कीच. पोट रिकामं ठेवू नका. कोरडा टोस्ट, आलेपाक, थोडं थोडं पाणी. डेकवर उभं राहून क्षितिजाकडे बघा, मोबाइलकडे नाही. आईला व्हेस्टफ्योर्डमध्ये लागलीच. ती आडवी झाली, डोळे मिटले आणि दोन तासांनी लोफोटेनची काळी भिंत दिसू लागली तेव्हा उठून बसली.

सातवी पायरी: कुठे उतरायचं

दुसऱ्या दिवशी ऑलेसुंड. २३ जानेवारी १९०४च्या आगीत हे गाव जवळपास सगळं जळलं आणि काही वर्षांत एकाच शैलीत पुन्हा उभं राहिलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात बोट सहसा इथून योरुंडफ्योर्डमध्ये शिरते (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेली चिंचोळी खाडी). जुलै-ऑगस्टमधल्या गाइरांगर या प्रसिद्ध फ्योर्डइतकी गर्दी इथे नसते. या दुपारी केबिनमध्ये झोपू नका.

ट्रॉन्डहाइमला निदारोसचं कॅथीड्रल चालत गाठता येतं. चौथ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास आर्क्टिक वृत्त ओलांडलं जातं. एका बेटावरच्या पृथ्वीगोलाच्या स्मारकावरून ते कळतं, आणि मग डेकवर प्रवाशांच्या मानेत बर्फ ओतायचा सोहळा होतो. आईने तो आनंदाने करून घेतला.

ट्रोम्सोला दुपारी चार तास मिळतात. इथे बोटीची महागडी सहल घ्यायची गरज नाही. बसने पूल ओलांडा, १९६५ सालचं आर्क्टिक कॅथीड्रल बघा आणि केबल कारने ४२१ मीटरवर स्टोर्स्टाइनेनला जा. सहाव्या दिवशी होनिंग्सव्होगहून नॉर्थ केपची सहल मात्र बोटीतर्फेच घ्या, आणि घरूनच बुक करा. अंतर आणि वेळ यांचं गणित स्वतः जमवायला जाल तर बोट चुकायची भीती. ७१ अंश १० मिनिटं अक्षांशावरचा तो ३०७ मीटरचा कडा धुक्यात हरवलेलाही असू शकतो, ही तयारी मनात ठेवा.

सहलींपेक्षा मला जास्त लक्षात राहिलं ते व्हार्डो. किर्केनेसहून परत फिरल्यावर त्याच दुपारी इथे तासाभराचा थांबा असतो. धक्क्यापासून पंधरा मिनिटं चालत गेलं की स्टाइलनेसेटचं स्मारक येतं. सतराव्या शतकात या जिल्ह्यात चेटकीण ठरवून मारलेल्या ९१ जणांचं हे स्मारक २०११ साली उभं राहिलं, वास्तुकार पेटर झुमथोर आणि शिल्पकार लुईज बुर्ज्वा यांनी घडवलेलं. लांबलचक कापडी बोगद्यात प्रत्येकाच्या नावे एक छोटी खिडकी आणि तिच्यात एक दिवा. इथेही उजेडाचा हिशोब आहे. किर्केनेस इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे, पण घड्याळ ऑस्लोचंच. आसामात घड्याळ मुंबईचं असून सूर्य लवकर मावळतो, तसंच इथे होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पाचच्या सुमारास अंधारू लागतं. धक्क्याला लागताच निघा, रमत गेलात तर परतायला धावावं लागेल.

थांब्याची वेळ उतरताना दारापाशीच लिहिलेली असते, तिचा फोटो काढा. बोट वेळेवर सुटते.

आठवी पायरी: रात्री

नॉर्दर्न लाइट्ससाठी अंधार, निरभ्र आकाश आणि सौर वाऱ्याची (सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताची) साथ, तिन्ही लागतं. सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौर वाऱ्याशी अधिक सहज जुळतं, म्हणून या आठवड्यांत भूचुंबकीय हालचाल सरासरीपेक्षा जास्त असते. ढगांचं मात्र काही करता येत नाही. बोट चालत असते, त्यामुळे एका फ्योर्डवर ढग असले तरी पुढच्यावर आकाश उघडं असू शकतं. दोन्ही कंपन्या पूर्ण सफरीवर ठरावीक तारखांत प्रकाश न दिसल्यास पुन्हा मोफत सफर देण्याची हमी देतात. तुमची तारीख त्यात बसते का ते बुकिंगपूर्वी विचारा.

दिसला की केबिनमध्ये ध्वनिक्षेपकावरून सांगतात. तो आवाज चालू ठेवा. थर्मल घालूनच झोपा, जाकीट आणि बूट दाराशी ठेवा. प्रकाश कधी पाच मिनिटं टिकतो, कधी दोन तास. डेकच्या ज्या बाजूला दिवे कमी असतात ती जागा दिवसाच हेरून ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ मोबाइलचा पडदा बघू नका. सुरुवातीला तो राखाडी ढगाच्या पट्ट्यासारखाच दिसतो. हलू लागला की ओळखायचं. ट्रायपॉड फारसा उपयोगाचा नाही, कारण बोटच हलत असते. आयएसओ १६०० ते ३२००, लेन्स पूर्ण उघडी, एक-दोन सेकंद, फोकस हाताने अनंतावर. आणि दोन-चार फोटो झाले की कॅमेरा खाली ठेवा.

जेवणाबद्दल थोडं

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघरात पुन्हा सांगा. अंडं चालतं की नाही हेही स्पष्ट करा. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. सप्टेंबरात मटण आणि कोबी एकत्र शिजवलेलं ‘फोरिकोल’ मिळालं तर घ्या. तपकिरी चीज नक्की चाखा. चिजाचं पाणी खव्यासारखं आटवून ते करतात, चव थोडी गोडसर, कॅरॅमलसारखी. आईने ते पोळीसारख्या ‘लेफ्से’वर लावून रोज खाल्लं. लोणचं आणि चटणीची पुडी जवळ असू द्या, सहाव्या-सातव्या दिवशी तिची आठवण येतेच.

शेवटचा दिवस

बारा दिवसांनी दुपारी बर्गनला उतराल. हॉटेलात सामान टाका, थोडं झोपा आणि संध्याकाळी फ्लोयेनच्या डोंगरावर जाणाऱ्या फ्युनिक्युलरने ३२० मीटरवर जा. अकरा बोटी आणि अकरा रात्रींची फेरी, त्यामुळे जी बोट तुम्हाला दुपारी घेऊन आली तीच रात्री साडेआठच्या सुमारास पुन्हा उत्तरेला निघते. जाकीट घेऊन जा, वर वारा असतो. कठड्याशी उभं राहिलं की खाली बंदराच्या काळ्या पाण्यातून तिचे दिवे सरकताना दिसतात. आईने त्यांतली आमची खिडकी कोणती असेल ते बोटाने दाखवलं.